चंद्राची शेवटची कांडी

आमची चंद्रा लंपीच्या साथीत गेली. खिल्लार गाय, अशी देखणी की उजनीकाठची माणसं तिला बघायला यायची आणि मी त्यांना चहा पाजत फुशारक्या मारायचो. तिला झाले ते सगळे गोऱ्हेच, कालवड एकही नाही. पण ती असतानाच डॉक्टर भार्गवी मॅडमनी तिचे तीन गर्भ काढून गोठवून ठेवले होते. दुसऱ्या गाईच्या पोटात ठेवला तरी वासरू चंद्राचंच. त्यातले दोन वाया गेले. आता चंद्राचं वाण म्हणून गोठवलेल्या गर्भाची एक कांडी तेवढी शिल्लक होती.

त्यासाठी आमची जर्सी ठरली. "माजावर आली की कळवा, गर्भ आठवड्याचा आहे, म्हणून आठवड्यानं येऊन मी तो ठेवते," मॅडम म्हणाल्या. माझ्या आईला, विठाबाईला, हे काही पटलं नाही. माज दिवसभराचा, मग आठवड्यानं येऊन ही बाई काय दिवे लावणार? पण आई बोलली नाही. बोलायचं नाही आणि करायचं ते करायचं, ही तिची जुनी खोड.

ठरल्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी गाय तपासली, नायट्रोजनच्या थंड टाकीतली कांडी काढून कोमट पाण्यात सोडली. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"मॅडम, उगं तरास घेतला बगा. माजावर आली त्याच दिशी म्या बिरोबाचा वळू दावला की हिला. माज वाया घालवू न्हाय, पाप लागतंय."

देवाला सोडलेला तो वळू गावभर फुकट खात हिंडतो.

"तुला कुनी सांगितलं हुतं गं?" मी ओरडलो.

"सांगाय कशाला पायजे? जलमभर गाईच संभाळल्या की."

वितळलेली कांडी परत गोठवता येत नाही. दुसरी तयार गाय नव्हती. "ठेवते," मॅडम म्हणाल्या. "एक राहील, दोन राहतील, नाहीतर एकही नाही. माझ्या हातात काही नाही."

दोन राहिले. जर्सी व्यायली तेव्हा आधी वळूसारखा काळा गोऱ्हा आला आणि त्याच्यामागून पांढरीशुभ्र कालवड. तेच कपाळ, तेच डोळे. मी गोठ्यातच बसून रडलो. आईला वाटेल तसं बोललो होतो, तिचे पाय धरले.

"एकीच्या जागी दोन!" आई म्हणाली. "बग, बिरोबा हाय का न्हाय?"

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, वासरं बघितली आणि मला कडब्याच्या गंजीआड घेऊन गेल्या.

"युवराजभाऊ, गोऱ्ह्याबरोबर एकाच पोटात वाढलेली कालवड बहुतेक वांझच निघते. तपासू आपण. पण आशा धरू नका."

"औषध?"

"नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. रागावू तरी कुणावर? पाप लागू नये म्हणून धडपडलेल्या म्हातारीवर?

मी गोठ्यात परत आलो. आई कालवडीला हळदकुंकू लावत होती.

"हिच्या पोटी गोठा भरंल बग," ती म्हणाली. "मॅडम काय म्हनल्या रं?"

"चांगली हाय म्हनल्या," मी म्हणालो.