गाईचा वाटा

सतरावा सोमवार उजाडला तशी पुतळाबाईने देवापुढे हात जोडले आणि तोंड मिटले. आता दिवेलागणीला समई पेटेपर्यंत एक शब्द नाही. मागचे सोळा सोमवार तिने असेच काढले होते. नवरा जयवंत गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात कामाला. तिथली धूळ छातीत जाऊन त्याला असा खोकला लागला होता की डिलाईल रोडवरची ती सबंध चाळ त्याच्या खोकल्याने जागी व्हायची. तेव्हा पुतळाबाई शंकराला बोलली होती, "सोळा सोमवार करीन, आणि मौनाने करीन." बाराव्या सोमवारी खोकला थांबला. तो व्रताने थांबला याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती.

आज उद्यापन. एरवीच्या सोमवारी अर्ध्या शेर कणकेचा चूर्मा लागे, आज पाच शेरांचा. पहाटेपासून तिने मुटके भाजले, कुटले, गूळतूप घालून कालवले. तिच्या माहेरच्या रीतीने त्याचे तीन वाटे करायचे. एक देवळात द्यायचा, एक शेजारीपाजारी आणि घरात, आणि एक गाईला. गाईच्या वाट्यातला कण उरवायचा नाही, टाकायचा नाही, दुसऱ्या दिवसावर ठेवायचा नाही.

आता आली का पंचाईत! गवळ्याची गाय रोज सकाळी नाक्यावर उभी असायची, ती नेमकी आज नव्हती. पुतळाबाई परात घेऊन दोनदा खाली जाऊन आली. गवळी कुठे गेला हे कुणाला विचारावे तर तोंड बंद. गाईऐवजी दुसरे काही चालेल का हे भटजींना विचारावे तर तेही संध्याकाळीच येणार. ती परत आली तेव्हा दारात खुंटीला बांधलेली कवडी तिच्याकडे बघून ओरडली.

कवडी म्हणजे तिची शेळी. तांबडी, अंगभर कवड्यांसारखे पांढरे ठिपके. दोन दिवसांची असताना आई मेली, तेव्हा जयवंताने तिला सदऱ्यात गुंडाळून आणली होती. पुतळाबाईने दुधात कापसाची वात भिजवून तिला चोखायला दिली आणि जगवली. सासू जाईबाई टोमणा मारायच्या, "नातवंडाची मांडी हिने बकरीला दिलीय." पुतळाबाई हसून सोडून द्यायची. तिच्या लेखी दारात बांधलेली हीच गाय होती.

तिने परात कवडीपुढे ठेवली. एरवीच्या सोमवारी गाईला मूठभर जायचे, आज गाईचा वाटाच दीड शेरांहून वर होता. हे तिच्या ध्यानात नव्हते असे नाही. पण उरवायचे नाही ही रीत, आणि कवडी तर मिटक्या मारीत खात होती. शेवटी तिने परातसुद्धा चाटून लख्ख केली आणि वर बादलीभर पाणी प्याली.

दुपारी बाराच्या सुमारास जाईबाईंची हाक आली. "अगो पुतळे, ही बघ कशी फुगलीय! नुसता ढोल झालाय गो!"

कवडी पाय फाकवून उभी होती. डावी कूस पाठीच्या वर आली होती. ती दात खात होती आणि मान वळवून आपल्याच पोटाकडे बघत होती.

जाईबाईंनी कमरेला पदर खोचला आणि शेजारचे दार गाठले. "तुळशे! भायर ये! काय चारलंस माझ्या बकरीला?"

तुळसा ओले हात पुसत आली. परवा कवडीने तिच्या वाळत घातलेल्या लुगड्याचा काठ चघळला होता, तेव्हा ती रागाच्या भरात सगळ्या चाळीला ऐकू जाईल असे बोलून गेली होती, "एक दिवस हिला कण्हेरच चारते बघा!" आणि कण्हेर तर तिच्या दारातच, घासलेटच्या डब्यात लावलेली.

"अहो मावशी, रागात माणूस काय काय बोलतं! म्हणून खरंच कुणी मुक्या जिवाला विष घालतं का?"

"मग ही पानं कमी कशी दिसतात?"

"महादेवाला फुलं हवीत म्हणून तुमची सूनच सकाळी फांदी घेऊन गेली. विचारा तिला!"

दोघींनी पुतळाबाईकडे पाहिले. तिने मान हलवली. हो, फांदी मीच नेली. पण फांदीबद्दल हो म्हणायला मान पुरत होती. परातीबद्दल सांगायला मान पुरणार नव्हती.

तिला सगळे कळले होते. कवडीला पाहताक्षणीच कळले होते. पण जयवंताची छाती तिच्या या मिटलेल्या तोंडावर तरली होती, आणि आता सहा तासांचाच तर प्रश्न होता. हे खरे. तितकेच खरे हेही की चाळभर लोक जमले असताना 'मीच केले' म्हणण्यापेक्षा गप्प राहणे सोपे होते. व्रताच्या आडोशाला ती थोडी लपली, आणि आपण लपलो आहोत हे तिला कळत होते.

तिने हिंग कालवून कवडीच्या घशात घातला, पोट चोळले. कवडी खाली बसली ती उठेना.

"खाटकाला बोलवा कोणीतरी," जाईबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "धुगधुगी आहे तोवर चार पैसे येतील. मेल्यावर कुत्रंही विचारणार नाही."

"सोमवारचं? उद्यापनाच्या दिवशी?" तुळसा म्हणाली.

"मग काय आरती करू तिची?"

पुतळाबाईने खाली वाकून कवडीला उचलले. केवढे ते ओझे! दोन पावलांत तिला भिंतीला टेकावे लागले. तुळसा जिन्याकडे धावली आणि वरूनच ओरडली, "धर्माभावोजी, हातगाडी रिकामी आहे का? परळला जनावरांच्या दवाखान्यात जायचंय. आणि मी येते बरोबर. हिला बोलता येत नाही, तिथं कोण बोलणार?" जाईबाईंकडे वळून ती म्हणाली, "माझ्यावर आळ आहे, तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत काय ते होऊ दे."

हमाली करणारा धर्मा हा तुळसाचा दीर. त्याने गोणपाट अंथरले, कवडीला आडवी केली आणि गाडी पळवली. पुतळाबाई एक हात कवडीच्या मानेखाली देऊन बाजूने धावत होती. ऊन असे की पायाखालची धूळ भाजत होती. कवडीची जीभ बाहेर लोंबली होती, निळसर पडली होती.

रेल्वेचे फाटक बंद होते. मालगाडी हळूहळू चालली होती, कापसाच्या गाठी लादलेली, डब्यांमागून डबे. धर्मा गेटमनला म्हणाला, "दादा, जनावर मरतंय." गेटमन म्हणाला, "मग काय इंजिनाला सांगू, बाबा जरा सरक म्हणून?" पुतळाबाई मनात 'नमः शिवाय' म्हणत होती आणि कवडीचे श्वास मोजत होती. जपाची आणि श्वासांची मोजदाद एकमेकींत मिसळून गेली.

दवाखान्यात घोडे होते, बैल होते, कुणा साहेबाचा कुत्रा होता. दाराशी बसलेल्या कारकुनाने कवडीकडे एक नजर टाकली आणि वही उघडायच्या आधी आत हाक मारली. पांढऱ्या दाढीचे पारशी डॉक्टर बाह्या वर सारीत आले. त्यांनी कवडीची डावी कूस बोटाने ठोकली, डोळ्याची पापणी उलटून पाहिली.

"काय खाल्ला हिने? केव्हा खाल्ला?"

तुळसाचा चेहरा उतरला. खोटे बोलायला तिला जागा होती, पण ती बोलली नाही. "कण्हेर म्हणतात, डाक्टरसाहेब. माझ्याच दारातली. मी घातली नाही, पण हिच्या खुंटीपासून हातभर अंतरावरच असते, ओढून खाल्लीही असेल."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी कवडीच्या छातीवर कान ठेवला. "कण्हेर असेल तर हृदयावर जातो जहर. मग मी पोटात नळी नाय घालणार. घातली तर इथेच जाईल, नुसता त्रास. मग दवा पाजायचा, आणि पुढे खुदा." ते सहायकाकडे वळले. "कोळसा आणा, घोळून पाजा."

पुतळाबाईने डॉक्टरांचा कोट धरला. मान जोरजोरात हलवली. नाही, नाही. तिने दोन्ही हातांनी जाते फिरवल्यासारखे केले, मग मूठ कवडीच्या तोंडाकडे नेली.

"काय म्हणते बाई?"

"घरी दळण राहिलंय म्हणते," तुळसा म्हणाली. "अगं, दळणाचं काय घेऊन बसलीस आता!"

पुतळाबाईने पुन्हा मान हलवली. कुटल्यासारखे केले. पाच बोटे दाखवली.

"पाच काय? पाच वाजता? पाच पानं?"

डॉक्टर म्हणाले, "मुकी आहे का?"

"नाही हो, व्रत आहे. दिवा लागेपर्यंत बोलत नाही."

"दिवा लागेपर्यंत ही बकरी नाय थांबणार." ते रागावून नव्हे, सरळ बोलले. "कण्हेर की दुसरं काही, ते मला आत्ता पायजे."

कवडीने घशातून एक आवाज काढला. पुतळाबाईला जयवंताच्या छातीची घरघर आठवली, ती पहाटे ऐकलेली, चार महिन्यांपूर्वीची. देवा, एका हाताने ते दिलेस, दुसऱ्या हाताने हे घेऊ नकोस. मग तिला वाटले, देवाला असा हिशेब घालणारी मी कोण? आणि दिलेल्या शब्दाने जीव गुदमरत असेल तर तो शब्द कोणासाठी जपायचा?

"चूर्मा," ती म्हणाली.

पहाटेपासून न वापरलेला आवाज खरखरीत निघाला. तुळसाने तोंडावर हात ठेवला.

"गव्हाचा चूर्मा. दीड शेर, वर थोडा जास्तच. गूळतूप घातलेला. मी माझ्या हाताने चारला, दहा वाजता. वर बादलीभर पाणी प्याली. कण्हेरीचं पान तिच्या तोंडाला लागलं नाही. फांदी सगळी देवाला वाहिली, ती अजून पिंडीवर आहे."

"बस," डॉक्टर म्हणाले. "नळी आणा. मान धर, बाई. घट्ट."

कुशीवरचे केस भराभर कातरले, उग्र वासाचे औषध लावले. वीतभर लांबीची नळी, तिच्या आत टोकदार सळई. पुतळाबाईने डोळे मिटले नाहीत. डॉक्टरांनी एकदाच मनगट दाबले, सळई ओढून काढली, आणि नळीतून असा फूत्कार निघाला की धर्मा दोन पावले मागे सरला. आंबलेल्या कणकेचा वास खोलीभर पसरला. कूस हळूहळू खाली बसू लागली. मध्येच फेसाने नळी तुंबली, कवडीचा श्वास अडला, डॉक्टरांनी पारशी शिवी हासडून ती मोकळी केली. पुन्हा फूत्कार. मग जवसाचे तेल पाजले. कवडीने अर्धे तेल पुतळाबाईच्या लुगड्यावर शिंकरून टाकले, तेव्हा डॉक्टर प्रथमच हसले.

"आता भांडते. चांगला आहे. पण इथे ठेवायला लागेल, आठ दिवस. कणीक पोटात आहे अजून, पुन्हा फुगू शकते. धान्य बिलकूल नाय. नुसतं गवत. देव मागेल तरी नाय."

दाराशी कारकुनाने वही पुढे ओढली. नळी घातल्याचा एक रुपया, राहण्याचे आणि गवताचे रोज दोन आणे. पुतळाबाईने पदराची गाठ सोडली. त्यात दोन रुपये होते, वर्षभर कवडीचे दूध विकून साठवलेले. संध्याकाळी उद्यापनाला येणाऱ्या भटजींची दक्षिणा. दक्षिणेशिवाय उद्यापन नाही, उद्यापनाशिवाय व्रत पुरे नाही. पण व्रत तर आत, त्या टेबलाशीच मोडले होते. तिने दोन्ही रुपये वहीवर ठेवले.

परतताना रिकाम्या हातगाडीमागून दोघी चालत होत्या. फाटक ओलांडल्यावर तुळसा म्हणाली, "तिथं दारातच कळलं होतं ना तुला?"

"हो."

"आणि मावशींनी मला चारचौघांत विष घालणारी ठरवली, ते ऐकत राहिलीस."

"हो, तुळसाबाई."

तुळसाचे पाऊल जरा पुढे पडू लागले, आणि पुतळाबाईने ते गाठायचा प्रयत्न केला नाही.

चाळीत अजून दिवे लागले नव्हते. जाईबाई गॅलरीत उभ्या होत्या. आजूबाजूच्या बायका दारांत आल्या.

"गेली का गो?"

पुतळाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलली, आणि तसे बोलायची तिला सवय नव्हती. "वाचेल असं म्हणतात. आत्याबाई, तुळसाबाईंनी काही चारलं नाही. मी गाईचा वाटा सगळा कवडीपुढे ठेवला. माझ्याच हातून झालं."

जाईबाईंनी आधी देवाच्या कोनाड्याकडे पाहिले. तिथली समई अजून पेटलेली नव्हती.

"तू बोलतेस," त्या म्हणाल्या. "दिवा लागला नाही, आणि तू बोलतेस!"

"दवाखान्यातच बोलले. दक्षिणाही तिथेच दिली."

"माझ्या पोराची छाती, आणि तू तिच्यासमोर बकरी तोललीस?" जाईबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

पुतळाबाई म्हणाली, "पुढच्या सोमवारी पहिला धरते. सोळा पुन्हा करते. पण या वेळी मौनाचा नवस नाही बोलणार."

गिरणीचा भोंगा झाला. थोड्या वेळाने खालच्या रस्त्यावर माणसांचे लोंढे येऊ लागले.

"त्याला कोण सांगणार?" जाईबाईंनी विचारले. त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या बाईचा झाला होता. "मी नाही सांगणार हो."

"मीच सांगते," पुतळाबाई म्हणाली. कवडीची मोकळी खुंटी त्याला दिसायच्या आधी सांगायला हवे होते. तेलाचे डाग पडलेला पदर तिने खांद्यावर घेतला आणि जयवंताला जिन्यातच गाठायला ती खाली उतरू लागली.