निळ्या रंगाखालचा बोल्ट

दाराची कडी वाजली तेव्हा घर इतकं शांत होतं की झोळीतला यासीन दचकला, आणि पुन्हा झोपला. मी मात्र ताडकन उठले. माझा नवरा रगब घरी येतो तेव्हा तो आधी ऐकू येतो. कालव्याच्या पुलावर त्याची मोटरसायकल फटफटते आणि मग दोन मिनिटांनी दार वाजतं. आज पुलावर काहीच वाजलं नव्हतं. नुसती कडी.

गाडी ढकलत त्यानं अंगणात आणली आणि भिंतीला टेकवली. घामानं सदरा पाठीला चिकटला होता, जानेवारी असून.

"काय म्हणाला बयूमी?" मी विचारलं. बयूमी म्हणजे त्याचा मावसभाऊ, गावातला एकुलता एक मेकॅनिक.

"आतली कॉईल गेली म्हणे. इंजिन उघडायचं, कॉईल काढायची, शहरात गुंडाळायला पाठवायची. आठवडा तरी जाईल."

"उद्या रविवार आहे."

"मला वार कळतात, सबाह."

शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी शाळेचा आठवडा सुरू होतो. शाळा सात किलोमीटरवर, शहरात. हिवाळ्यात आमच्याकडे सकाळी असं धुकं पडतं की समोरच्या गाढवाचे कानसुद्धा दिसत नाहीत. त्यात मायक्रोबस आठ वाजल्याशिवाय हलत नाही, आणि शाळेचं फाटक साडेसातला बंद. रगबच आमच्या नवाराला पुढे बसवून नेतो आणि तसाच कामावर जातो. पण तीन आठवड्यांपासून गाडीचा दिवा अर्ध्या वाटेत मिणमिणायचा, पिवळा व्हायचा, मग विझायचा. एकदा ट्रॅक्टरवाल्यानं जेमतेम ब्रेक लावला. त्या दिवसापासून नवारा घरीच. गुरुवारी निरोप आला होता : रविवारी आली नाही तर पोरीचं नाव पटावरून काढू.

"पुढच्या वर्षी घालू," बादलीत हात धुताना रगब म्हणाला. "पाच वर्षांची तर आहे."

मी नवाराकडे पाहिलं. कोंबड्यांना ओळीत बसवून ती त्यांची हजेरी घेत होती. एक कोंबडी उठून गेली, तर तिला पकडून आणून तिनं दटावलं, "तुझं नाव काढीन हं!"

पुढचं वर्ष मला माहीत आहे. पुढच्या वर्षी आणखी काहीतरी असतं.

"यासीन उठेपर्यंत गाडी मला दे," मी म्हटलं.

रगब हसला. "दोन बॅटऱ्या बदलल्या, रेग्युलेटर नवाकोरा बसवला. बयूमीची अक्कल संपली तिथं तू काय करणार?"

"बयूमीला अक्कल संपायला किती लागते?"

आत माळ्यावरून हाज्जांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं हसू ऐकू आलं. बयूमी त्यांच्याच बहिणीचा मुलगा, तरी हसल्या.

माझे वडील महल्ला शहरात कॉईल गुंडाळायचे. पंख्यांच्या, पंपांच्या, मोटरसायकलींच्या. लग्नात आईनं तांब्याची भांडी दिली आणि त्यांनी आपला वीज मोजायचा जुना काटेवाला मीटर. सासरी सगळ्यांना वाटलं म्हातारा चळला. मी तो चादरींच्या खाली ठेवला होता.

रगबनं किक मारली. बयूमीनं बॅटरी भरून दिली होती, फक्त कॉईल आणखी जळेल म्हणून चालवत नेऊ नको असं बजावलं होतं. गाडी सुरू झाली. मी मीटरच्या तारा बॅटरीला लावल्या. इंजिन वेगानं फिरलं की काटा चौदा व्होल्टच्या आसपास चढायला हवा. काटा बारावर बसून राहिला, म्हशीसारखा. म्हणजे बॅटरी नुसती देत होती, घेत काहीच नव्हती.

मग इंजिनातून येणाऱ्या तीन पिवळ्या तारांचं सॉकेट सोडलं. रगबला ॲक्सिलरेटर धरायला सांगितला आणि दोन-दोन तारांच्या जोड्या मोजल्या. पहिली पन्नासच्या वर. दुसरी तेवढीच. तिसरीही तेवढीच. गाडी बंद करून एकेक तार चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आतून कुठे चिकटलीय का पाहिलं. एकही नाही.

"कॉईल धडधाकट आहे," मी म्हटलं. "इंजिन उघडायचं नाही."

रगबचा चेहरा जरा वेगळा झाला. "मग?"

कॉईल वीज बनवते, ती बॅटरीत सोडणारा रेग्युलेटर नवा, बॅटरी नवी. तिघं चांगले आणि घर उपाशी. वडील म्हणायचे, विजेला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते, आणि लोक परतीची वाट बघतच नाहीत. आणखी एक म्हणायचे : बिघडलं त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं, ते विचार.

"हे सुरू झालं त्याच्याआधी काय केलं होतंस गाडीला?"

"काहीच नाही. उलट तेव्हाच तर नवी केली."

तो बोलला आणि आम्ही दोघांनी गाडीकडे पाहिलं. निळीशार. शेजारच्या उम्म शौकीनं 'काय झळकते तुझी गाडी' म्हटलं, माशाल्लाह म्हणायला विसरली, आणि हाज्जांनी त्याच आठवड्यात गाडी निळी करून घेतली. निळा रंग नजर परतवतो म्हणतात, म्हणून सगळे भाग सुटे करून, नटबोल्टांच्या भोकांसकट, दोन हात. आमच्यातल्या कुणालाच त्या रंगाचा संशय येणं शक्य नव्हतं. तो तर राखणदार!

रेग्युलेटरला परतीची वेगळी तार नसते. त्याचं अंगच चेसिसला टेकतं आणि तीच त्याची वाट; आता मध्ये रंग होता. मी गाडी पुन्हा सुरू करायला लावली, तारेचा एक तुकडा घेतला, एक टोक रेग्युलेटरच्या अंगावर आणि दुसरं बॅटरीच्या वजा टोकावर दाबलं.

काटा हलला. साडेबारा. तेरा. चौदा.

रगबनं ॲक्सिलरेटर सोडलाच नाही, नुसता बघत राहिला. मी तार काढली, काटा पडला. लावली, चढला. चार वेळा केलं, तीन वेळा खात्रीसाठी आणि एकदा नुसत्या आनंदासाठी.

"पॉलिश पेपर दे," मी म्हटलं.

तेवढ्यात हाज्जा जिना उतरून आल्या. "खरवडतेस? माझा रंग?"

"रेग्युलेटरच्या खालचा तेवढाच, हाज्जा. कुणाला दिसणार नाही."

"माणसांना नाही दिसत. नजरेला दिसतो."

"रंगानं नजर बाहेर ठेवली हाज्जा, पण विजेलाही आत येऊ दिलं नाही."

त्यांनी थोडा विचार केला. मग पाटावर बसून म्हणाल्या, "चांगला रंग होता म्हणजे. पक्का. उम्म शौकीला सांगेन. खरवड, पण नाण्याएवढंच. आणि बिस्मिल्ला म्हण."

बिस्मिल्ला म्हणून मी खरवडलं. निळ्याखालचा जुना काळा रंग आणि त्याखाली पांढरं लखलखीत लोखंड. बोल्टांचे आटे साफ केले, किंचित ग्रीस लावलं, आवळलं, वरून एक जादा तार बॅटरीपर्यंत ओढली. शेवटच्या बोल्टला यासीन रडू लागला. हाज्जांनी त्याला उचललं, "थांब रे, आई कामावर आहे."

रगब पाना पुसत हळूच म्हणाला, "बयूमीला काय सांगू?"

"सांग, कॉईल आपोआप बरी झाली."

सकाळी धुकं भिंतीसारखं उभं होतं. पहिल्या दिवशी मीही निघाले, रगबच्या मागे. नवारा पुढे टाकीवर, दप्तर पोटाशी. यासीन हाज्जांकडे. कालवा संपला, विटांची भट्टी गेली. मी दिव्याकडेच बघत होते. तो मिणमिणला नाही. मोठ्या रस्त्याला लागलो तरी तसाच, पांढरा, सरळ.

नवारानं मान मागे वळवली. तिच्या पापण्यांवर धुक्याचं पाणी जमलं होतं.

"आई, उजेड आपल्या पुढे पुढे जातोय. मग तो शाळेत आपल्या आधी पोचतो का?"