विसाव्याच्या दगडावरची गाडी

मी एक जुना दगड आहे. मित्रांनो, मी तुम्हाला दिसणार नाही. दुसरबीडच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या पुढ्यात काळेभोर डांबरी पार्किंग आहे. पिवळ्या पट्ट्यांनी गाड्यांचे गाळे आखलेले आहेत. फाटकाकडून मोजत या. सातव्या गाळ्याच्या खाली, वीतभर खोल, मी आहे. आत्ता माझ्यावर कुणाची तरी गाडी उभी आहे. तिचे इंजिन अजून गरम आहे. ती गेली की सांगतो.

गेली.

माझा जन्म कुणी पाहिला नाही. मला कुणी घडवलेही नाही. मी चपटा, काळा, माणूस आडवा मावेल एवढा लांब. गावातून स्मशानाकडे जाणाऱ्या वाटेवर मी बरोबर निम्म्यावर पडलेलो होतो, म्हणून लोकांनी मला काम दिले. माणसे तिरडी घेऊन येत आणि माझ्यावर टेकवत. पुढचे खांदेकरी मागे जात, मागचे पुढे येत. कुणी चिमूटभर तांदूळ ठेवी. मग तिरडी उचलून पुढे जात. याला विसावा म्हणतात. गावातली जुनी माणसे सांगत, की इथे टेकेपर्यंत गेलेला माणूस घरचाच असतो. इथून उचलला, की तो त्याच्या वाटेला लागतो.

माझ्यावर ओझे फार थोडा वेळ असे. तेवढ्यात मला बरेच कळे. एका बाळंतिणीला टेकवले तेव्हा तिचे केस ओले होते. पाणी माझ्या खाचेत उतरले. ती खाच अजून तशीच आहे.

माझी स्तुती कुणी केली नाही. पण बैलगाड्या मला वळसा घालून जात, आणि दमलेला माणूससुद्धा माझ्यावर बसत नसे. दगडाला आणखी काय हवे?

गाडी आली. जड आहे. थांबा.

हं.

तर माझ्या भोवतीची जमीन नीळकंठची. रस्ता मोठा झाला, तशी त्याने शेती सोडून मंगल कार्यालय बांधले. हॉल झाला, स्वयंपाकघर झाले. मग लोक म्हणू लागले, गाड्या चिखलात फसतात. नीळकंठने मेहकरहून वाहेदभाईला बोलावले. वाहेदभाई डांबराची कामे घेतो. त्याने चुन्याने रेषा मारल्या, पाण्याची नळी धरून उतार पाहिला आणि जेसीबी लावला. जेसीबी चालवणारा राजकुमार गावातलाच. त्याने सगळी जागा खरवडली. माझ्याजवळ आला आणि यंत्र बंद केले.

“काऊन थांबला बे?” नीळकंठने विचारले.

“याले मी बकेट लावत नाई, भाऊ. माह्या आज्याले इथंच टेकवलं होतं.”

“माह्या बापालेबी इथंच टेकवलं. मंग? पार्किंगच्या मधात ठेवू का याले?”

“ठेवा नाई तं काढा. तुमच्या हातानं काढा.”

नीळकंठ माझ्याजवळ आला. वाकला. त्याचे हात मला लागले नाहीत. मग तो सरळ झाला आणि म्हणाला, “राहू द्या. वरून घ्या.”

वाहेदभाईने डोके खाजवले. “वरून घेता येते. पण खाली दगड, बाजूले मुरूम. मुरूम दबन, हा दबत नाई. इथं डांबर फुगन. मंग मले नका म्हणू.”

मित्रांनो, मला काढायला कुणी धजावले नाही, म्हणून मला झाकले. धाक आणि सोय या दोघांनी मिळून हे काम केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाई आली. नीळकंठची आई. हातात काठी. तिने काठी माझ्यावर दोनदा आपटली, दारावर थाप मारावी तशी.

“येच्यावर गाड्या उभ्या राहतीन?”

“नाई माय. मी ध्यान ठेवीन.”

“मले इथंच टेकवजो. तुह्या बापाले टेकवलं तसं. मी मधातच लटकून राहीन नाई तं.”

नीळकंठ हसला. तो म्हणाला की एवढा एक गाळा तो

गाडी.

गेली. कुणीतरी दार जोरात आपटले.

नेहमी रिकामा ठेवील. असे तो म्हणाला. मी ऐकले. अंबूबाईनेही ऐकले, आणि ती काठी टेकत घरी गेली.

मग मुरूम पडला. मला शेवटचे दिसले ते कामगारांच्या पायांना गुंडाळलेले गोणपाट. त्यावर खडी. त्यावर रोलर. मग पातळ डांबराचा फवारा आणि डंपरमधून आलेले गरम मिश्रण. चिकटू नये म्हणून फावड्यांना डिझेल पुसून माणसे ते पसरत होती. मी आयुष्यभर ऊन खाल्ले होते, पण ती उष्णता वेगळी होती. ती वरून आली आणि परत गेली नाही. रोलर चार वेळा पुढे, चार वेळा मागे फिरला. शेवटी कुणीतरी म्हणाले, “झकास झालं.” तेव्हापासून मी फक्त ऐकतो.

पहिल्या लग्नसराईत सातव्या गाळ्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मध्ये दोरी असे. दुसऱ्या लग्नसराईत गर्दी असली की खुर्च्या उचलल्या जात. तिसऱ्या वर्षी दोरी कुठे गेली, मला माहीत नाही.

मे महिन्यात एके सकाळी अंबूबाई गेली. त्याच दिवशी कार्यालयात लग्न होते. नीळकंठने मुलीकडच्यांना शब्द दिला, की अक्षता पडेपर्यंत आपल्या घरून तिरडी निघणार नाही. तो शब्द त्याने पाळला. दुपारी दीडच्या सुमारास मला पावले ऐकू आली. ती पावले मी कशी विसरेन? चौघे एका तालात, आणि पुढे एकटा, मडके धरलेला.

तेव्हा माझ्यावर एक गाडी उभी होती.

हॉलमधल्या माइकवरून आवाज आला. “एमएच अठ्ठावीस, पांढरी गाडी, ज्यांची असेल त्यांनी कृपया काढून घ्यावी.” कुणी आले नाही. मग एक पाहुणा येऊन म्हणाला, “ते तं जेवून लोणारचं सरोवर पाहाले गेले, दुसऱ्या गाडीनं. चावी त्याहिच्याच खिशात.”

राजकुमार खांद्यावर तिरडी घेऊन होता. “काच फोडू का?”

“फोडाची काय गरज?” हा वाहेदभाई. तो मेहकरहून मातीला आला होता. “दहा जण धरू, बाजूले ठेवू. दोन मिनटाचं काम हाये.”

हॉलमध्ये पंगत बसली होती, वाढप्यांचे आवाज येत होते. मग नीळकंठ हळू म्हणाला, “पाहुण्याची गाडी हाये. ओरखडा आला तं नाव जाईन.”

“मायबी आता पाहुणीच हाये, नीळकंठभाऊ,” वाहेदभाई म्हणाला.

कुणीच हलले नाही. ऊन असे होते की डांबर मऊ पडले होते. चौघांच्या टाचा त्यात रुतत होत्या, आणि त्या टाचांमधून अंबूबाईचे वजन माझ्यापर्यंत येत होते. काठीसकट असायची त्याहूनही कमी. मी वीतभर खाली होतो. मी तयार होतो.

“चला,” नीळकंठ म्हणाला. “पुढं चला.”

ते गेले. न टेकवता, खांदे न बदलता. संध्याकाळी पाहुणे सरोवर पाहून परत आले आणि गाडी घेऊन निघून गेले. माझ्यावर काहीच उरले नाही.

पुढे डांबर माझ्यावर फुगले, वाहेदभाई म्हणाला होता तसे. तो दुरुस्तीला आला तेव्हा त्याने फुगवटा नीट केला. पण मागच्या बाजूला टाचांचे आठ खळगे आहेत, स्मशानाकडे तोंड केलेले. ते त्याने बुजवले नाहीत. “हे मी बुजवत नाई,” एवढेच म्हणाला. पाऊस झाला की आठही खळगे भरतात आणि पाणी झिरपत माझ्या खाचेपर्यंत येते.

नीळकंठ दुपारी येतो. गाळा रिकामा असला तर तिथे उभा राहतो. परवा तो वाकला आणि त्याने डांबरावर दोनदा हात आपटला.

मित्रांनो, मला वर काढा, असे माझे म्हणणे नाही. गाड्यांना जागा लागते, हे मलाही समजते. पण नवे काही पसरण्याआधी खाली काय आहे, ते एकदा विचारत जा. आणि कधी लग्नाला इकडे आलात, सातव्या गाळ्याशी आठ खळगे दिसले, तर गाडी पुढे घ्या. थोडा वेळ तरी ती जागा मोकळी राहू द्या.

अंबूबाई अजून खांद्यावर आहे.