पाट्यावरची चटणी

आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, एक ठाम मत होतं. मिक्सरमध्ये चटणी होत नाही, भुकटी होते. ताटाच्या डाव्या बाजूची चटणी पाट्यावर वाटलेली नसेल, तर उजव्या बाजूला पुरणपोळी वाढली तरी ते जेवण नव्हे. हे ते पाहुण्यांना सांगत, दूधवाल्याला सांगत, आणि मी लग्न होऊन आले त्या दिवशी चप्पल काढायच्या आधी मलाही सांगितलं. स्वतः त्यांनी उभ्या जन्मात वरवंट्याला हात लावला नव्हता.

दहिसरची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा पाटा लिफ्टने नवव्या मजल्यावर आला. तोवर आईंचे, माझ्या सासूबाईंचे, गुडघे गेले होते. जमिनीवर बसल्या की उठवायला मी लागायची. शेवटी त्यांनीच तोड काढली. सकाळी आबा नदीकाठी फिरायला गेले की मिक्सरमध्ये जवसाची चटणी दोन मिनिटांत उरकायची. अकराला आबा हॉलमध्ये पेपर घेऊन बसले की आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसायच्या, खाली वाकून पाट्याची माफी मागायच्या आणि पायाने वरवंटा पुढे-मागे ढकलत बहिणीशी फोनवर बोलायच्या. बाहेर आवाज ऐकून आबा समाधानाने मान डोलवायचे. चार वर्षं हे नाटक हाउसफुल चाललं. मला हसू यायचं, आणि आबांचा राग तर असा यायचा की विचारू नका.

वाट लागली ती खालच्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशमुळे. रोज अकराला डोक्यावर दगड फिरतो, अशी त्याने सोसायटीत तक्रार केली.

"काका, पाटा काढा आणि मिक्सर घ्या ना! काय फरक पडतो?"

"फरक?" आबा कडाडले. "डोळे बांध माझे. समोर दोन वाट्या ठेव. नाही ओळखली तर पाटा तूच उचलून ने!"

रविवारी सकाळी दहाला, सोसायटीच्या ऑफिसात, असं ठरलं. आईंचा चेहरा उतरला. चार वर्षं जिभेला मिक्सरचीच सवय. आबा पाट्यावरची ओळखणार कशी? चारचौघांत नवऱ्याचं नाक कापलं जाणार, वर आपलं बिंग फुटणार. दोन दिवस त्यांना घास गेला नाही.

रविवारी चंद्रप्रकाशची बायको नमिता साक्षीदार म्हणून आमच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली, त्यामुळे वाट्या बदलायची सोय नव्हती. मिक्सरची चटणी आईंनी केली. पाट्यावर मी बसले. आई कानाशी कुजबुजत होत्या, "शीतल, बारीक कर गं. अजून बारीक. अगदी मिक्सरसारखी होऊ दे." तळहाताला फोड आले, पण माझी ती आयुष्यातली पहिली पाट्यावरची चटणी जाडीभरडीच राहिली.

ऑफिसात आबांनी डोळ्यांवर रुमाल बांधून माझी वाटी आधी चाखली आणि तोंड वाकडं केलं.

"ही मशिनची. भुकटी आहे नुसती."

दुसरी वाटी चाखली मात्र, चेहरा खुलला. "ही! ही आमच्या मथुराच्या हातची. ह्याला म्हणतात पाटा!"

नमिताने वाट्यांखालच्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या आणि एकच हशा पिकला. कोणीतरी शिट्टीसुद्धा मारली. आबांनी रुमाल काढला. आधी वाट्यांकडे पाहिलं, मग आईंकडे. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. मला वाटलं होतं मजा येईल, पण मीच पुढे होऊन वाट्या उचलल्या.

चंद्रप्रकाश शब्दाला पक्का. दुपारच्या आत वॉचमनला घेऊन आला आणि पाटा उचलून नेला. आबांनी अडवलं नाही. जेवायला बसले, तेव्हा आईंना विचारलं.

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली," आई म्हणाल्या.

"मग तो रोजचा आवाज?"

"तुम्हाला ऐकायला."

आबांचा आवाज चढला, पण रागाचा नव्हता. "अगं, एवढे गुडघे दुखत होते तर मला सांगायचं होतंस!"

आईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "असेच जेवायला बसला होतात. तुम्ही म्हणालात, चटणीत मीठ कमी आहे."