मास्तरांची दातखीळ

मास्तरांची कात्री दुसऱ्याच्या हातात गेली, त्या दिवसापासून मास्तरांना अन्न गोड लागेना.

कात्री तशी शिलाईच्या दुकानाची. पण तरुणपणापासून ती एकाच हातात राहिलेली. तिच्या मोठ्या कड्यात मास्तरांचा अंगठा असा बसायचा की दुसऱ्या कोणाला ती धड धरताही येत नसे. नव्या कटरला मात्र ती पहिल्याच दिवशी धरता आली. मास्तरांना हे सगळ्यात जास्त लागलं.

कटर ठेवला होता बायकोने. तिचाही इलाज नव्हता. थंडीत एकदा कापडाचा तागा खांद्यावर घेऊन जिना चढताना मास्तरांच्या छातीवर कोणीतरी इस्त्री ठेवल्यासारखं झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, रक्तदाब वाढलेला आहे आणि हृदयाला रक्त कमी पोचतं. रोज सकाळी दाबाची एक गोळी, ती कधी चुकवायची नाही आणि मनाने बंद करायची नाही. शिवाय एक छोटी तपकिरी बाटली. छातीत दुखलं की खाली बसायचं आणि तिच्यातली एक गोळी जिभेखाली ठेवायची. उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडाल. तागे उचलणं बंद, टेबलापाशी तासन्‌तास उभं राहणं बंद.

तेव्हापासून मास्तर दाराजवळच्या खुर्चीत बसून बटणं निवडत होते.

दुकान खाली, घर वर. दुकानात एक लांब टेबल. त्याच्या एका टोकाला बायकोचं मशीन, खिडकीशी काजं करणारी बाई, आणि दुसऱ्या टोकाला मास्तरांच्या जागेवर तो. विधुर, सडपातळ, भांग काढलेला. कापताना शिट्टी वाजवायची त्याला सवय होती. सरळ कापड असलं की शिट्टी चालू, बाहीच्या मुंढ्याचं वळण आलं की बंद. म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत. बायको एकटी त्याला ‘अहो कटर’ म्हणायची. ते ‘अहो’सुद्धा मास्तरांना टोचायचं.

“वहिनी, हे गिऱ्हाईक माप देताना पोट आत घेतं आणि कोट घालताना बाहेर सोडतं,” शिट्टी म्हणायचा. “शिवायचं कोणत्या पोटाचं?”

“बाहेरच्या!” बायको हसायची. “आतलं पोट फक्त आपल्याला दाखवायला असतं.”

यात हसण्यासारखं काय होतं? मास्तर बटणांच्या डब्यात बोटं फिरवत बसायचे. बायकोचं हे मोकळं हसणं त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. वर घरात ती हसत नसे. वर ती त्यांना काचेच्या भांड्यासारखी जपायची. पाणी देऊ का, उशी देऊ का, जिना हळू चढा. रात्री पलंगाच्या पार कडेला अंग चोरून झोपायची, आपला हात चुकून यांच्या छातीवर पडायला नको म्हणून.

“मास्तर, तुम्ही पांढरी बटणं काळ्यांत टाकताय,” काजवाली म्हणायची. ती जिभेची तिखट होती. “लक्ष कुठंय? टेबलाकडे की टेबलापलीकडे?”

शेजारच्या चष्मेवाल्याजवळ मास्तरांनी एकदा मन मोकळं केलं. सगळं नाही, थोडंसं. चष्मेवाला डोळे मिचकावून म्हणाला, “ती दाबाची गोळी आहे ना, तीच पुरुषाला थंड करते. माझ्या भावाचं तसंच झालं होतं.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून बायकोने तळहातावर ठेवलेली सकाळची गोळी मास्तर गालात धरू लागले. वरून पाणी पीत, मान हलवत, आणि न्हाणीघरात जाऊन थुंकून टाकत. बायको रिकामा पेला घेऊन समाधानाने खाली जायची. पण गोळी सोडूनही फरक पडेना, तेव्हा ते बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथल्या औषधाच्या दुकानात त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. काय हवंय ते त्यांनी काउंटरवर वाकून कुजबुजत सांगितलं.

विकणारी मुलगी त्यांच्या नातीच्या वयाची. ती अजिबात कुजबुजली नाही.

“काका, छातीत दुखण्याचं काही औषध चालू आहे? जिभेखाली ठेवायची गोळी वगैरे?”

“छातीत? माझ्या? दगड आहे दगड.”

“असेल तर ही घेऊ नका. दोन्ही अंगात एकत्र आल्या, तर रक्तदाब इतका खाली जातो की माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. खरंच नाही ना काही?”

“सांगितलं ना, नाही.”

खरं म्हणजे मास्तर सगळं नीट ऐकत होते. मनात त्यांनी हिशेब मांडला : कितीतरी दिवसांत छातीत दुखलेलं नाही. दुखलंच नाही तर जिभेखालची गोळी लागणार नाही. मग एकत्र यायचा प्रश्नच कुठे येतो?

शनिवारी दुकान दुपारी बंद होई. जेवण झाल्यावर बायको म्हणाली, “खालचं आवरून आलेच मी. जरा पडते आज.” मास्तरांनी दाढी केली, नवा सदरा घातला आणि आडोशाला जाऊन ती गोळी घेतली. मग पलंगावर पाय लांब करून वाट बघत बसले.

बायको आली नाही. खालून माणसांचा आवाज आला, दार उघडल्याचा, ताग्याच्या धपकन पडण्याचा. एका हॉटेलचा माणूस वाढप्यांच्या कोटांची तातडीची ऑर्डर घेऊन आला होता. घरी निघालेले शिट्टी आणि काजवाली त्यासाठी थांबले. थोड्या वेळाने तो गेला आणि मशीन सुरू झालं. पाठोपाठ शिट्टी.

मास्तरांचे कान तापले. गोळीने की रागाने, ते त्यांनाही कळेना. खाली शिट्टी वाजत होती, मध्येच थांबत होती, आणि थांबली की बायकोचं हसू येत होतं. हे नवा सदरा घालून पलंगावर बसलेत आणि ती तिकडे त्याच्या वळणांवर हसतेय! त्यांना राहवेना. ते जिना उतरले. उतरले कसले, धाडधाड खाली आले.

“कात्री दे इकडे,” ते शिट्टीला म्हणाले.

“मास्तर, तुम्ही कशाला—”

“माझी आहे ती. दे. अस्तर मी कापतो.” आणि अस्तराचा अख्खा तागा त्यांनी एका हिसक्यात शेल्फवरून ओढला.

तागा टेबलावर पोचलाच नाही. मास्तरांच्या छातीत ती इस्त्री पुन्हा टेकली. या वेळी चांगली तापलेली. डावा हात जड झाला, कपाळावर गार घाम आला. शिट्टीने त्यांना बगलेत धरून खुर्चीत बसवलं. बायको मशीनवरून उठली ती एप्रनच्या खिशातून तपकिरी बाटली काढतच. गोळी तिच्या बोटांत आली.

“आ करा. जीभ वर.”

मास्तरांनी दात घट्ट मिटले.

“अहो, आ करा ना! दुखतंय ना?”

त्यांनी मान हलवली. होय, दुखतंय. पण दात काही सुटेनात.

“दातखीळ बसली बघा,” काजवाली खिडकीजवळून धावत आली.

शिट्टीने ती गोळी तिच्या बोटांतून घेतली आणि मास्तरांच्या ओठांशी नेली. “मास्तर, माझ्यावर राग असू दे. नंतर हवं तेवढं बोला. पण एवढी गोळी घ्या.”

ओठांना लागलेली ती कणभर गोळी बघून मास्तरांना मरण दिसलं. त्यांनी तोंड फिरवलं. दातांच्या फटीतून कसंबसं म्हणाले, “याला... बाहेर... पाठव.”

“आत्ता?” बायको ओरडली. आजवर गिळलेलं सगळं तिच्या आवाजात आलं. “जीव जायची वेळ आली आणि तुम्हाला अजून तेच सुचतंय? त्याच्या हातून घ्यायची नाही म्हणून मरणार आहात का? कटर, द्या हो मला, मीच घालते!” तिने एका हाताने त्यांची हनुवटी पकडली आणि अंगठा गालात खुपसून जबडा उघडायला लागली. कापड ताणून ताणून तिच्या हातात जोर होता. आणखी क्षणभरात तोंड उघडलं असतं.

एका बाजूला बायकोचा अंगठा. समोर शिट्टी, काळजीने वाकलेला, भांग विस्कटलेला. याच्यासमोर सांगायचं? जगात इतकी माणसं असताना याच्यासमोर?

“थांब,” मास्तर म्हणाले. “मी दुसरी घेतलीय.”

“दुसरी कसली?”

मास्तरांनी डोळे मिटून सांगितलं.

काजवालीने तोंडावर हात नेला. “आणि दुकानातली पोरगी म्हणाली होती,” मास्तर पुढे म्हणाले, “की त्यावर ही घेतली तर माणूस जातो.”

बायकोने गोळी विस्तवाचा निखारा टाकावा तशी लांब टाकली.

शिट्टी हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, निदान त्याचा राग तरी करता आला असता. तो फोन घेऊन दारात गेला आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांना सगळं नीट सांगू लागला : छातीत दुखतंय, घाम आलाय, जिभेखालची गोळी दिलेली नाही, कारण अमुक गोळी घेतलीय. पलीकडच्याला ऐकू येत नसावं. शिट्टीने त्या गोळीचं नाव पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. समोरच्या फुलवाल्याने मान वर केली. चष्मेवाला दारात येऊन लगेच आत गेला.

दवाखान्यात मास्तरांच्या छातीला वायरी लावल्या, सुई टोचली, दुसरी औषधं दिली. संध्याकाळी दुखणं ओसरलं. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या.

“तुम्ही तोंड मिटलंत आणि मग तोंड उघडलंत, म्हणून वाचलात,” त्या म्हणाल्या. “ती दुसरी गोळी तुमच्यासाठी नाही. पुन्हा नाही. आता सांगा, आणखी काही लपवलंय?”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ही गोष्ट सांगणं त्यांना पहिल्यापेक्षा जड गेलं.

“सकाळची गोळी. थुंकतो मी.”

“अशी एकदम सोडली की हृदय उलटून दावा साधतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजचं दुखणं बहुतेक त्याचंच. अहो, या गोळीने काही पुरुषांना तसा त्रास होतो. मला सांगायचं, मी बदलून दिली असती. रोज दहा जण सांगतात.”

त्या गेल्या. बायकोने पलंगाचा दांडा धरला.

“मी रोज माझ्या हाताने देत होते,” ती म्हणाली. मग एकदम मान वर करून, “दुसरी कोणासाठी घेतलीत?”

“काय?”

“शनिवारी. भर दुपारी. नवा सदरा घालून. कोण येणार होती?”

मास्तर बघतच राहिले. तिचे डोळे बारीक झाले होते, नाकाचा शेंडा लाल झाला होता. ती खरंच विचारत होती!

“तू म्हणालीस ना, जरा पडते आज.”

“माझ्यासाठी?” ती म्हणाली. “मी पाठ दुखते म्हणून पडणार होते.” आणि पदर तोंडाला लावून ती हसायला लागली, रडायला लागली, काय ते तिचं तिलाच ठाऊक. हसता हसता तिने त्यांच्या छातीवर हात ठेवला, आणि दचकून उचलला, आणि पुन्हा ठेवला.

दोन दिवसांनी शिट्टी दवाखान्यात भेटायला आला. बायको औषधं आणायला खाली गेली होती. तो पलंगाशी उभा राहिला, हातातली टोपी फिरवत. मास्तर भिंतीकडे तोंड करणार होते, पण याने आपल्याला बगलेत धरून बसवलं होतं, हेही विसरता येईना.

“बस,” ते म्हणाले.

तो बसला. दाराकडे नजर टाकली, खुर्ची पुढे घेतली आणि काउंटरवर वाकावं तसा वाकला.

“मास्तर, राग मानू नका. ती गोळी... लागू पडते का?”

मास्तर उशीवरून अर्धे उठले. “तुला कशाला हवीय? कोणासाठी?”

शिट्टी कानापर्यंत लाल झाला. “तिला अजून विचारलेलं नाही. विचारू की नको, तेच कळत नाही. इतके दिवस शिट्टी वाजवतोय, पण ती म्हणते, कुकर झालाय का तुमचा?”

“कोण म्हणते?”

“काजवाल्या बाई.”

मास्तर हळूहळू मागे टेकले. म्हणजे त्या सगळ्या शिट्ट्या खिडकीकडे जात होत्या. मशीनकडे एकही नव्हती. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि लगेच दुसरीच कसलीतरी कळ आली.

“का रे?” ते म्हणाले. “माझ्या बायकोत काय कमी आहे?”

“अहो मास्तर, वहिनी म्हणजे... वहिनी आहेत.”

“ते झालंच,” मास्तर गुरगुरले. मग विचारलं, “तुला औषधं कोणती चालू आहेत?”

“दाबाची आहे एक. वर्षभर.”

“मग आधी डॉक्टरीणबाईंना विचार. खालच्याच मजल्यावर बसतात. काही लपवू नकोस, त्यांना रोज दहा जण सांगतात. आणि बसने कुठे जाऊ नकोस.”

शिट्टी उठला. दारापाशी जाऊन वळला. “कोट अडलेत, मास्तर. कात्री तुमची वापरू का?”

मास्तरांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

“मुंढा कापताना अंगठा सैल सोड,” ते म्हणाले. “नाहीतर कापड ओढलं जातं.”