रोजचा एक्सरे

कडेगावच्या दवाखान्यातलं एक्सरेचं मशीन चौथ्या दिवशीही बंदच, म्हटल्यावर राहीबाईनं पदर खोचला.

"आरं सिकंदरा, लेकरू काखंत घिऊन कोसभर चालत येतोय आमी. रोज आपलं उद्या या, उद्या या! मशीन हाय का रुसल्याला जावई?"

"मावशी, पार्ट पुन्यास्नं यायचाय," एक्सरे काढणारा सिकंदर काकुळतीला आला. "आन एक्सरे कशाचा काढायचाय? चिठ्ठी कुटं हाय?"

"डॉक्टरीनबाईंनी तोंडी सांगितलंय. रोज काढायचा."

"रोज?" सिकंदरनं कपाळाला हात लावला.

खरं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाळंतपणानंतर काही जणींचं मन असं खचतं. रोज अर्धा तास एक्सरसाईज करू द्या, महिन्यानं परत दाखवा." नेमका तेव्हाच खिडकीखालून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून धडधडत गेला. राहीबाईच्या कानात शिरला तो फक्त एक्सरे. आता मनाचाही फोटो निघत असेल, असं म्हातारीला वाटलं आणि तिनं ते मनावर घेतलं.

घ्यावंच लागलं. सून संयोगिता तीन महिन्यांची बाळंतीण. दिराच्या वरातीत सगळ्यांच्या पुढं नाचलेली ही पोरगी आता भिंतीकडं तोंड करून बसायची. बाळाला दूध पाजायची, पण त्याच्याकडं बघायची नाही. नवरा साईराज कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या कामावर. तो फोनवर "बरी हायस का?" विचारायचा, ती "हं" म्हणायची. पोर हातची जाते की काय, या भीतीनं राहीबाईला घास गोड लागत नव्हता.

रिक्षात धक्के बसतात, बाळंतिणीची कंबर जाते, म्हणून कडेगावला जायचं ते चालतच, असा राहीबाईचा हुकूम. पुढं बाळाला घेऊन सासू, मागं पाय ओढत सून. सहाव्या दिवशी सून बरोबरीनं चालायला लागली, पण बोलणं काही नाही.

आठव्या दिवशी चढाला उसाची ट्रॉली रांगत होती.

"ऊस खातीस का गं?"

"नगं."

"नगं काय? धर ह्याला!"

बाळ सुनेच्या हातात कोंबून साठीची राहीबाई ट्रॉलीमागं पळाली. उसाचं टोक मुठीत आलं, पण ऊस काही सुटेना. चढ संपला, ट्रॅक्टरनं वेग घेतला, तरी म्हातारी सोडायला तयार नाही.

"आत्या, सोडा की त्यो!"

"सोडीन कशी? माजा हाय आता!"

बाळाला छातीशी धरून संयोगिता मागोमाग पळत सुटली. तेवढ्यात ऊस सटकला आणि राहीबाईनं रस्त्याकडंच्या गवतात बसकण मारली. पदर एकीकडं, चप्पल दुसरीकडं, ऊस मात्र हातात ताठ उभा. ते बघून संयोगिता हसायला लागली. पोटात दुखेपर्यंत हसली. मग तिची नजर खाली गेली.

"आत्या, ह्यो बी हसतोय बगा!"

राहीबाईला रडूच फुटलं. ते लपवायला ती घाईघाईनं दातानं ऊस सोलायला लागली.

त्या दिवसापासून सून पुढं आणि सासू मागं. बाळ सुनेकडंच. वाटेत तिच्या तोंडाला खळ नसायचा. आणि पंधराव्या दिवशी सिकंदर दारातच उभा!

"मावशी, या, या! मशीन सुरू झालं!"

राहीबाईला धन्य धन्य वाटलं. संयोगिता मात्र ओढणीत तोंड खुपसून खुदखुदत होती.

"आत्या, एक्सरे न्हवं. एक्सरसाईज म्हनल्या हुत्या बाई. म्हंजी व्यायाम. चालायचं, पळायचं."

"तुला ठावं हुतं?"

"पयल्या दिवसापास्नं. तवा बोलायचं बी तरान न्हवतं. मग गोडी लागली. सांगितलं असतं तर तुमी घरात बसवलं असतं मला."

राहीबाई तिच्याकडं बघतच राहिली. गाल भरलेले, कपाळाला घाम, बाळ खांद्यावर निवांत. मग ती सिकंदरकडं वळली.

"सिकंदरा, तुजं मशीन आमच्यापुरतं बंदच हाय बग. उद्या येतो आमी!"