सगळं पाळीच्या माथी

दुबलगुंडीत तिशीच्या आतली बहुतेक माणसं जगात आली ती सोजराबाईच्या हातांवर. बौद्धवाड्यातली तर सगळीच. पण लिंगायतांच्या गल्लीतून, मराठ्यांच्या आळीतून, मोहल्ल्यातूनही तिला बोलावणं यायचं. पोटावर हात ठेवला की मूल आडवं आहे का उभं, हे ती सांगायची आणि तिचं सांगणं चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हे काम तिला आईनं शिकवलं. चिंताकीची पार्वतीबाई म्हणजे औराद तालुक्यातली नावाजलेली दाई.

बाळंतपणांबरोबर बायकांची बाकीची दुखणीही सोजराबाईच्या ओट्यावर यायची. पाळी जायला लागलेल्या बायका यायच्या, पदरानं वारा घेत बसायच्या. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, कुणी बोललं की डोक्यात तिडीक जाते, असं सांगायच्या. सोजराबाईचं उत्तर ठरलेलं होतं.

"पाळी जाताना असंच असतंय गं बाई. दोन-तीन साल सोसायचं. मंग बघ, कशी मोकळी व्हतीस!"

बायका हसायच्या आणि उठून जायच्या. शेजारची कलाबाई मात्र तीनदा आली. "लई अंगावरून जायलंय गं, थांबतच न्हाई," म्हणाली. तिलाही सोजराबाईनं तेच सांगितलं.

ब्याऐंशी साली सोजराबाईला अठ्ठेचाळिसावं लागलं आणि तिची स्वतःची पाळी मागंपुढं व्हायला लागली. भाकरी थापता थापता मानेपासून आग वर चढायची, चोळी घामानं चिंब व्हायची आणि लगेच सगळं निवायचं. तिनं ते हसण्यावारी नेलं. "आता माझा लंबर लागला," ती नवऱ्याला म्हणाली. अंकुशराव तुरीच्या शेंगा निवडत होता. मान वर न करता म्हणाला, "मंग काय, मोकळी व्हशील की!"

पण मोकळं व्हायचं सोडून ती बांधल्यासारखी व्हायला लागली. सकाळी उठताना अंग असं जड, की जणू कुणी ओल्या पोत्यात घालून शिवलंय. खाणं कमी झालं तरी बांगड्या रुतायला लागल्या. वेणी उंदराच्या शेपटीएवढी उरली. सगळं गाव अंगणात उघड्यावर पडायचं त्या वैशाखात ती गोधडी घेऊन आत निजायची, आणि त्याच गोधडीत मधूनच वाफेनं भिजायची. थंडी आणि आग एकाच अंगात.

आवाजही जाडा होत गेला. एकदा तुरीचा व्यापारी दाराशी आला आणि त्यानं हाक मारली, "कोन हाय घरात?"

"मी हाय," सोजराबाई आतून म्हणाली.

"अप्पा, जरा भायेर येता का?"

अंकुशराव पोट धरून हसला. सोजराबाईलाही हसू आलं, पण जरा उशिरानं. गोष्ट डोक्यात पोचायलाच वेळ लागला होता, आणि तिला स्वतःला ते कळलं. रविवारी विहारात वंदना तीच सांगायची आणि बाकीचे तिच्यामागून म्हणायचे. आता दुसऱ्या ओळीलाच घसा बसायचा. एका रविवारी ती मागच्या रांगेत जाऊन बसली.

हुमनाबादच्या बाजाराला गेली तेव्हा एका डॉक्टरानं ताकदीची सुई दिली. चार दिवस दंड दुखला, बाकी काही नाही. कुणी विचारलं की सोजराबाई आपलं ठेवणीतलं उत्तर आता स्वतःलाच द्यायची. पाळी जाताना असंच असतंय.

पुढच्या श्रावणात लिंगायतांच्या गल्लीतल्या निलम्माची सून अडली म्हणून दुपारी बोलावणं आलं. उपकेंद्रातली नर्स गौरम्माही तिथं होती. बसवकल्याणकडची, कन्नड घरातली, तिशीतली पोरगी. मराठी बोलायची, पण कन्नडच्या चालीवर. दोघींनी मिळून बरीच बाळंतपणं केली होती. गौरम्मा तिला अक्का म्हणायची आणि सोजराबाई तिला सिस्टर.

कळा लांबल्या. सोजराबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळा कधी लागला तिला कळलंच नाही. निलम्माच्या बोलण्यानं ती दचकून जागी झाली.

"सोजराबाई, पोरगी वरडायलीय नि तुमाला झोप कशी लागायलीय?"

निलम्मा रागानं बोलली नव्हती, नवलानं बोलली होती. तेच जास्त लागलं. थोड्या वेळानं मूल झालं, रडलंही. नाळेला दोरा बांधायचा होता. सोजराबाईच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. दोरा चिमटीत आहे की निसटला, तेच कळेना. गाठ मारली, सुटली. परत मारली, परत सुटली. गौरम्मानं तिच्या हातातला दोरा घेतला आणि बांधून टाकला.

दुसऱ्या दिवशी सोजराबाईनं दाईचं शिक्षण झाल्यावर सरकारनं दिलेली पेटी उचलली आणि उपकेंद्रात नेऊन ठेवली. "कुनाच्या लेकराला माझ्यापायी काय झालं तर?" एवढंच बोलली आणि परत आली.

दोन महिने ती घराबाहेर पडली नाही. मग एका दुपारी गौरम्माच आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि सोजराबाईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय बगायलीस?"

"अक्का, तुमचा भुवया कुठे गेला?"

सोजराबाईनं भुवईवर बोट फिरवलं. बाहेरच्या टोकाला केस नव्हतेच. गौरम्मानं तिचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत नाडी मोजली. मग पुन्हा मोजली.

"बावन. एवढा हळू? थंडी वाजतेय? शौचाला साफ होत नाही, होय की नाही?"

"तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. मी जिल्ह्याच्या दवाखान्यात कामावर होते तेव्हा अशी एक बाई बघितले. हे सगळं पाळीचं नाही, अक्का. गळ्यात एक ग्रंथी असते, ती थकली की असं होतं."

सोजराबाईला राग आला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी धडपणे आलं, ते म्हणजे राग. "मला शिकवायलीस व्हय गं? तुजं वय हाय तितकी सालं बाळंतपनं केलीत मी! पाळी जाताना असंच असतंय."

"तुम्हाला कोण सांगितलं?"

"माज्या आयेनं."

"आणि त्यांना?"

सोजराबाई आठवायला लागली. आजीनं सांगितलं असणार. आजीला आणखी कुणीतरी.

"गुरुवारी बिदरला लेडी डॉक्टर बसतात," गौरम्मा उठत म्हणाली. "मी रजा टाकते. तुम्ही शिवी द्या, पण गाडीत बसून द्या."

अंकुशरावानं आतून ऐकलं होतं. तो बाहेर येऊन म्हणाला, "सोजर, जा. मला तुजा राग पायजे, ही झोप नगं."

बिदरची महानंदा डॉक्टर मूळची उदगीरकडची. चष्मा, आखूड केस, बोलणं आपल्याच भागातलं. तिनं घाई केली नाही. गळ्याला हात लावून आवंढा गिळायला सांगितला. खुर्चीवर गुडघे टेकवून पावलं मोकळी सोडायला लावली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर परत यायला त्याला चांगलाच वेळ लागला. डॉक्टरनं दुसऱ्या पायालाही तसंच केलं आणि गौरम्माला म्हणाली, "बघितलीस? बरोबर आणलीस."

मग सोजराबाईकडे वळली. "माहेरी कुणाला असं होतं का? अंग सुजणं, थंडी, झोप, जाडा आवाज?"

"न्हाई," सोजराबाई म्हणाली. आणि म्हणता म्हणताच थांबली.

चिंताकीचं अंगण तिच्या डोळ्यांपुढं आलं. चैत्राचं ऊन, आणि त्या उन्हात घोंगडी पांघरून बसलेली आई. बाळंतिणीसाठी चार-चार कोस चालत जाणारी पार्वतीबाई शेवटची आठ वर्षं भिंतीशी बसून होती. भावजय तिला आळशी म्हणायची. सोजराबाई दिवाळीला गेली तेव्हा तीसुद्धा म्हणाली होती, "आये, जरा हाल की. बसून बसून सुजायलीस." आईनं तिच्याकडे बघितलं होतं आणि जाड्याभरड्या आवाजात "व्हय बाई" म्हणाली होती. एवढंच.

"व्हती," सोजराबाई म्हणाली. "माजी आय व्हती." आणि ती अनोळखी डॉक्टरणीपुढं, पदर तोंडाला न लावता, रडायला लागली. डॉक्टरनं रडू दिलं.

रक्त काढून हैदराबादला पाठवलं. अठरा दिवसांनी कागद आला. ग्रंथी खरंच थकली होती.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाली. "तुम्हाला दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी झाल्यात. वाफा येतात, चोळी भिजते, ते पाळी जाण्याचं. ते आपोआप कमी होईल, आज ना उद्या. पण थंडी, सूज, झोप, बोटांच्या मुंग्या, आवाज हे ग्रंथीचं. ते सोसून जात नाही. त्याला गोळी लागते. रोज सकाळी, उपाशीपोटी. चहा तासाभरानं."

"किती दिवस?"

"कायमची."

"जन्मभर?"

"रोज भाकरी खाताच की जन्मभर!"

आधी अर्धी गोळी होती. अंकुशराव पहाटे उठून तांब्यात पाणी द्यायचा, मग दोघं तासभर चहाची वाट बघत चुलीपुढं बसायची. त्याला चहासाठी थांबायची काही गरज नव्हती. पण "तुला सोडून घोट उतरत न्हाई" म्हणायचा. लग्नाच्या एकतीस वर्षांत ती दोघं सकाळी अशी नुसती कधी बसली नव्हती. म्हशीचं, तुरीचं, चिंताकीचं, काहीबाही बोलणं निघायचं.

महिना गेला तरी फरक दिसेना. सोजराबाईनं दोन दिवस गोळी घेतलीच नाही. गौरम्माला कळलं तेव्हा ती दारात उभी राहून कन्नडमध्ये इतकी भांडली, की शेजारणी गोळा झाल्या. सोजराबाईला कन्नड चांगलं येत होतं, त्यामुळं एकही शब्द वाया गेला नाही. पुढच्या गुरुवारी डॉक्टरनं गोळी पुरी केली.

नेमका कुठल्या दिवशी फरक पडला ते तिला सांगता आलं नसतं. एका सकाळी तिनं दारातला सडा टाकून पूर्ण केला आणि मग लक्षात आलं, की मध्ये कुठं बसावं लागलं नाही. बांगड्या हातात फिरायला लागल्या. अंकुशरावानं व्यापाऱ्याची नक्कल करून "अप्पा, भायेर या" म्हटलं, तर त्याचं वाक्य संपायच्या आत तिनं लाटणं उगारलं. एकदा गोधडीला टाके घालताना सुईचं टोक बोटाला लागलं. केवढ्यानं टोचलं! ती बोट तोंडात धरून हसत बसली.

वाफा मात्र येतच होत्या. पण आता आली की ती म्हणायची, "ही पाळीची. ही जाईल."

एक गोष्ट मात्र तिला खात होती, आणि ती गोळीनं जाणारी नव्हती. कलाबाई कुंपणापलीकडं रोज दिसायची. तोंड पांढरंफटक, घागर उचलताना मध्येच थांबायची, खांबाला धरायची. सोजराबाई चार दिवस टाळत राहिली. पाचव्या दिवशी कुंपण ओलांडून गेली.

"कला, अजून जायलंय का गं तसंच?"

"पंधरा-पंधरा दिवस. सोसायलेय की, तूच सांगितलीस न्हवं?"

"मी चुकीचं सांगितले."

कलाबाईनं कोथिंबीर निवडायची थांबवली.

"मला ठावं न्हवतं, कला. ठावं हाय असं वाटायचं. आयेनं सांगितलेलं मी तुला सांगितले. आयेला तरी कुटं ठावं व्हतं? माज्यासंगं बिदरला चल."

"तीन साल झाले, सोजरा," कलाबाई म्हणाली. "तीन साल मी वाट बगायलेय मोकळी व्हायची."

सोजराबाई तिच्यापुढं खाली बसली. माफ कर म्हणायची रीत त्या दोघींत नव्हती. कलाबाईनं कोथिंबिरीची अर्धी जुडी तिच्यापुढं सरकवली आणि दोघी निवडत बसल्या.

बिदरला तपासल्यावर कलाबाईची ग्रंथी ठणठणीत निघाली. गर्भाच्या पिशवीत गाठ होती, साधीच, आणि अंगात रक्त फार कमी होतं. दोन महिने रक्तवाढीच्या गोळ्या देऊन मग ऑपरेशन झालं. आठ दिवस सोजराबाई तिच्या खाटेजवळ होती. टाके काढले त्या दिवशी कलाबाई म्हणाली, "तू बाळंतिनीपेक्षा दुखणाईताचं चांगलं करतीस." तीन वर्षांचा राग तेवढ्यात थोडा उतरला असावा, सगळा नाही.

आता ओट्यावर बाई आली की सोजराबाई लगेच काही सांगत नाही, आधी विचारते. थंडी वाजते का? किती जातं, किती दिवस? माहेरी कुणाला होतं का? बऱ्याचजणींचं साधंच असतं, पाळी जाण्याचं, आणि मग ती तसं सांगून धीर देते. एखादीचं नसतं.

चौऱ्याऐंशीच्या पौषात एका गुरुवारी सकाळच्या बिदरच्या गाडीत दुबलगुंडीच्या पाच बायका चढल्या. दोन मराठ्यांच्या, एक मोहल्ल्यातली, एक निलम्मा आणि सोजराबाई. कंडक्टरनं विचारलं, "काय अक्का, लग्नाला का?"

"दवाखान्याला," सोजराबाई म्हणाली, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "नि तुजी आय पन्नाशीची असंल तर तिलाबी घिऊन ये."

कंडक्टर हसला, पण तिकिटं फाडून झाल्यावर परत तिच्या बाकापाशी आला आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "मावशी, तिला लई झोप येती. कुनाला दाखवायचं?"

सोजराबाई खिडकीकडं सरकली आणि त्याला बसायला जागा करून दिली.